पंचाचा अधिकार आणि नियमांचे पुस्तक : टेबलावरील भूमिकाखेळांचा इतिहास

प्रस्तावना

योहान हौझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये खेळ हा संस्कृतीचा केवळ एक विभाग नसून तिचे मूळच आहे, अशी मांडणी केली. त्यानंतर खेळांकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी हळूहळू बदलली. तरीही इतिहासलेखनात जी दखल घेतली गेली ती प्रामुख्याने मैदानी खेळांची. घरातील टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्या सामग्रीवर खेळले जाणारे खेळ दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. अशा खेळांपैकी विसाव्या शतकात सर्वस्वी नवा म्हणता येईल असा प्रकार म्हणजे भूमिकाखेळ. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा त्याचा पहिला मुद्रित आविष्कार होय.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चार-सहा मित्र एकत्र बसतात. त्यांपैकी एक जण पंच असतो. तो एका कल्पित जगाचे वर्णन करतो : समोर दगडी जिना आहे, खालून पाण्याचा आवाज येतो आहे, मशाल विझत चालली आहे. इतर प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र काय करते हे खेळाडू शब्दांत सांगतो आणि त्याचा परिणाम काय झाला हे पंच सांगतो. परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही, कोणी कोणाला हरवायचे नसते आणि एक डाव महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालतो.

मूळ पुस्तिकांमध्ये पंचासाठी 'रेफरी' हाच शब्द होता. 'डंजन मास्टर' ही संज्ञा नंतर रूढ झाली. मराठीतील 'पंच' या शब्दाला क्रीडांगणावरील निर्णय देणारा आणि गावकीत निवाडा करणारा अशा दोन्ही अर्थच्छटा आहेत, आणि या खेळातील पंचाला त्या दोन्ही लागू पडतात. या खेळाच्या इतिहासाची मांडणी सामान्यतः एका पुस्तकाचा, एका कंपनीचा किंवा एका प्रतिभावंत लेखकाचा इतिहास म्हणून केली जाते. परंतु उपलब्ध पुराव्यांकडे पाहता हा खेळ पुस्तकातून जन्मला नाही. पंचाच्या विवेकावर विश्वास ठेवणाऱ्या मित्रमंडळींच्या प्रत्यक्ष व्यवहारातून तो घडला; पुस्तक मागाहून आले. पुस्तक आल्यानंतर मात्र खेळ नेमका कोणाचा, हा प्रश्न उपस्थित झाला आणि पुढील पन्नास वर्षे तो वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहिला.

प्रशियाचा युद्धपट

या खेळाची वंशावळ शोधताना अभ्यासक सामान्यतः बुद्धिबळापर्यंत मागे जातात. भारतातील चतुरंग इराण आणि अरब प्रदेशांमार्गे युरोपात पोचले, हे सर्वमान्य आहे. या बुद्धिबळाचे युद्धशास्त्राच्या दृष्टीने रूपांतर करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न योहान हेलविग या जर्मन अध्यापकाने १७८० मध्ये केला. त्याने चौकटींना भूप्रदेशाचे गुणधर्म दिले आणि सोंगट्यांना घोडदळ, पायदळ, तोफखाना असे अर्थ दिले. तथापि दोन खेळाडू आणि त्यांच्यामधील चौकटींचा पट ही मूळ रचना तशीच राहिली.

खरा बदल प्रशियात घडला. फॉन राइसवित्झ या पितापुत्रांपैकी पित्याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक युद्धखेळाचे टेबल सादर केले. त्याचा मुलगा लष्करात अधिकारी होता. त्याने या कल्पनेचा विकास करून १८२४ मध्ये आपले नियम प्रसिद्ध केले. चौकटी गेल्या, त्यांच्या जागी १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. एक फेरी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे असे ठरले. दोन्ही पक्षांचे खेळाडू आपल्या आज्ञा लिहून तिसऱ्या व्यक्तीकडे देत. ही तिसरी व्यक्ती म्हणजे पंच. शत्रूची कोणती तुकडी कोणाला दिसते, आज्ञा पोचायला किती वेळ लागतो, तोफांच्या माऱ्यात किती हानी झाली, हे सर्व तो फासे आणि कोष्टकांच्या साहाय्याने ठरवीत असे. खेळाडूंना जगाचे ज्ञान पंचाच्या तोंडूनच होत असे. प्रशियाचा तत्कालीन सेनाप्रमुख फॉन म्युफलिंग याने या खेळाची लष्करी शिक्षणासाठी शिफारस केली.

या पद्धतीत कोष्टकांचा भार मोठा होता. डाव संथ होई आणि अनुभवी अधिकाऱ्यांना फाशांपेक्षा स्वतःचा अंदाज अधिक भरवशाचा वाटे. १८७६ मध्ये युलिउस फॉन व्हेर्डी द्यु व्हेर्नोआ या सेनानीने 'मुक्त' युद्धखेळाचा पुरस्कार केला. त्यात फासे व कोष्टके बाजूला सारून पंचाच्या जाणकार निर्णयावरच सर्व भिस्त ठेवण्यात आली. 'कठोर' आणि 'मुक्त' या दोन पद्धतींमधील वाद तेव्हापासूनचा आहे. आज भूमिकाखेळ खेळणाऱ्या कोणत्याही गटात नियम आधी की पंचाचे मत आधी, यावर जी हुज्जत चालते ती प्रशियातील अधिकारी दीडशे वर्षांपूर्वी घालत होते, ही गंमत येथे नोंदवण्यासारखी आहे.

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही हा खेळ उचलला. अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये 'स्ट्रॅटेगॉस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पंचाला व्यापक अधिकार दिलेले होते. पुढे हा ग्रंथ विस्मृतीत गेला. नागरी हौशी खेळाडूंचा प्रवाह वेगळ्या वाटेने गेला : एच. जी. वेल्स यांचे 'लिटल वॉर्स' १९१३ मध्ये आले, तर १९५८ पासून बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने पेटीबंद युद्धखेळ विकायला सुरुवात केली. त्या पेट्यांमध्ये पंच नव्हता. छापील नियम आणि दोन प्रतिस्पर्धी, एवढ्यावर काम भागत असे.

ब्राउनस्टाइन : फसलेला वाटलेला प्रयोग

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळ खेळणाऱ्या तरुणांचे एक मंडळ होते. त्यातील डेव्हिड वेसली याला मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात टॉटनचा जुना ग्रंथ सापडला. नेपोलियनकालीन लढायांच्या डावांमध्ये दोन पक्षांत नियमांवरून सतत भांडणे होत असत. पंच असला तर ती मिटतील, हा त्याचा व्यावहारिक हेतू होता. परंतु टॉटनकडून त्याने आणखी एक तत्त्व घेतले : खेळाडूला कोणतीही कृती करून पाहता यावी, नियमांत ती नसली तरी. ती शक्य आहे की नाही हे पंच ठरवील.

१९६९ मध्ये वेसलीने ब्राउनस्टाइन नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावाभोवती डाव रचला. दोन सैन्ये गावाकडे येत आहेत. मात्र खेळायला आलेल्यांची संख्या सेनापतींच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणून त्याने उरलेल्यांना गावातील माणसांच्या भूमिका दिल्या : नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाला स्वतःचे उद्दिष्ट होते. सैन्ये गावात पोचण्याआधीच खेळाडू आपापसांत कुजबुजू लागले, कट रचू लागले, एकेकट्याने पंचाला गाठून हे करू का, ते करू का असे विचारू लागले. वेसलीच्या हातून सूत्रे निसटली, लढाई झालीच नाही. त्याच्या मते प्रयोग साफ फसला होता. मंडळातील मित्र मात्र असाच डाव पुन्हा कधी लावणार, असे विचारीत राहिले.

इतिहासाच्या दृष्टीने हा प्रसंग महत्त्वाचा आहे. येथे नवा नियम असा एकही लिहिला गेला नाही. जे नवे घडले ते खेळाडूंच्या वर्तनात घडले आणि निर्मात्याला ते प्रथम ओळखताही आले नाही. प्रश्न विचारणारा खेळाडू व उत्तर देणारा पंच, हा संवादच खेळ झाला. अशा घटनेचे श्रेय कोणाला द्यावयाचे? वेसलीला, की त्याच्या हातून सूत्रे काढून घेणाऱ्या मित्रांना? या प्रश्नाचे एकपदरी उत्तर देता येत नाही, आणि पुढील श्रेयवादाचे बीज नेमके येथेच आहे.

या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन हा मिनेसोटा विद्यापीठातील इतिहासाचा विद्यार्थी. वेसली लष्करी सेवेसाठी गेल्यावर ब्राउनस्टाइनचे डाव चालवण्याचे काम त्याच्याकडे आले. १९७०-७१ च्या सुमारास त्याने मित्रांसाठी 'ब्लॅकमूर' नावाचे एक कल्पित सरदारी राज्य रचले. त्यातील किल्ल्याखाली भुयारांचे जाळे होते आणि खेळाडूंची पात्रे त्यात उतरू लागली. आर्नेसनच्या डावात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पहिली, पात्राचे सातत्य : आज जगलेले पात्र पुढच्या आठवड्यात अधिक अनुभवी होऊन परत येई. दुसरी या सातत्यातूनच आली. युद्धखेळात एका घावात सोंगटी मरते. पण महिनाभर सांभाळलेले पात्र असे एका फाशाने जाणे खेळाडूंना मान्य होईना. तेव्हा आर्नेसनने चिलखती जहाजांच्या युद्धखेळातील हानी मोजण्याची पद्धत माणसांना लावली. घाव सोसण्याच्या क्षमतेचे गुण मोजण्याची जी रीत आज संगणकावरील असंख्य खेळांत आढळते, ती मित्रांच्या तक्रारीतून अशी आली.

लेक जिनिव्हा आणि तीन पुस्तिका

गॅरी गायगॅक्स हा विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावचा. विमा कंपनीतील नोकरी १९७० मध्ये गेल्यानंतर तो घरी चपला-बूट दुरुस्त करून चरितार्थ चालवीत होता आणि उरलेला वेळ युद्धखेळांना देत होता. १९६८ मध्ये त्याने गावातील सभागृहात युद्धखेळ्यांचा मेळावा भरवला. 'जेन कॉन' या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये जेफ पेरेन याच्यासह त्याने 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका काढली. तिच्या परिशिष्टात राक्षस, मांत्रिक आणि उडते नाग होते. आर्नेसनने आपल्या डावात या परिशिष्टाचा उपयोग केला होता.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन आणि डेव्हिड मेगरी हे लेक जिनिव्हाला आले. आर्नेसनने गायगॅक्स व त्याच्या मित्रांना ब्लॅकमूरचा डाव खेळून दाखवला. गायगॅक्सला या प्रकाराची क्षमता तत्काळ जाणवली. आर्नेसनकडे टिपणे होती, पण ती त्रोटक आणि विस्कळीत होती. कारण बहुतेक नियम त्याच्या डोक्यात होते आणि गरजेप्रमाणे बदलत होते. गायगॅक्सने त्यांवरून टंकलिखित मसुदा तयार केला, तो वाढवला आणि आपल्या 'ग्रेहॉक' या कल्पित नगराच्या डावांत तपासून पाहिला. त्या डावांच्या पहिल्या खेळाडूंत त्याची स्वतःची मुले होती.

ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनी टीएसआर ही संस्था स्थापन केली. भांडवल अपुरे होते. ब्रायन ब्लूम याने पैसे घातले तेव्हा छपाई शक्य झाली. १९७४ च्या आरंभी एका साध्या पेटीत तीन पुस्तिका घालून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' विक्रीला आला. किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. जुळणी हातानेच झाली होती. लेखक म्हणून गायगॅक्स आणि आर्नेसन अशी दोघांची नावे होती. पहिली आवृत्ती वर्षभरात संपली.

या पुस्तिका वाचून खेळ समजणे मात्र कठीण होते. पंचाने नेमके काय बोलावे, खेळाडूने केव्हा बोलावे याचे व्यवस्थित वर्णन त्यांत नाही. वाचकाला युद्धखेळ ठाऊक आहेत असे गृहीत धरलेले होते. चार, आठ, बारा, वीस बाजूंचे फासे लागत. ते प्रारंभी शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडून मागवले जात. ज्याने दुसऱ्याच्या घरी बसून खेळ पाहिला त्यालाच तो कळे, आणि तो मग आपल्या गावी जाऊन दुसऱ्यांना शिकवी. एका अर्थी ही गुरुमुखातून चालणारी विद्या होती. तिसऱ्या पुस्तिकेच्या समारोपात वाचकांनी न सुचवलेल्या गोष्टी स्वतःच कल्पून ठरवाव्यात, असेच आवाहन केलेले होते.

पुस्तक आणि पंच यांतील ताण

हे आवाहन लोकांनी अपेक्षेपेक्षा अधिक मनावर घेतले. अ‍ॅरिझोनातील केन सेंट आंद्रे या ग्रंथपालाने मित्राकडे हे नियम वाचले, त्याला ते किचकट वाटले आणि त्याने १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा स्वतःचा खेळच प्रसिद्ध केला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ली गोल्ड या महिलेने 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे हौशी नियतकालिक सुरू केले. वर्गणीदार आपापली पाने छापून पाठवीत, त्यांचे एकत्र गठ्ठे बांधून सर्वांना टपालाने पोचवले जात. त्या पानांत घरगुती नियम, डावांचे वृत्तांत आणि वाद यांची रेलचेल असे. हे नियतकालिक पाच दशकांच्या आसपास चालू राहिले. या खेळाच्या इतिहासाचे ते एक अमूल्य साधन आहे, कारण कंपनीच्या प्रकाशनांत जे दिसत नाही ते, म्हणजे लोक प्रत्यक्षात कसे खेळत होते, त्यात सापडते.

टीएसआरची भूमिका याच सुमारास बदलू लागली. १९७७ मध्ये नवशिक्यांसाठी सुबोध आवृत्ती निघाली; तिचे संपादन जॉन एरिक होम्स या मज्जाविज्ञानाच्या प्राध्यापकाने केले होते. दुसरीकडे गायगॅक्सने १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तीन जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. देशभरातील पंचांनी एकाच पद्धतीने खेळ चालवावा, स्पर्धांमध्ये तुलना शक्य व्हावी, असा आग्रह तो आता धरू लागला. पाच वर्षांपूर्वी स्वतः कल्पना करा असे सांगणारा लेखकच एकरूपतेचा पुरस्कर्ता झाला, हा बदल विलक्षण आहे. त्यामागे खेळाच्या शिस्तीची चिंता होती तसाच व्यापारही होता. प्रत्येक गट स्वतःचे नियम रचू लागला तर पुढचे पुस्तक कोण विकत घेणार?

आणखीही एक कारण होते. आर्नेसन १९७६ मध्ये टीएसआरच्या नोकरीत आला आणि त्याच वर्षी बाहेर पडला. 'अ‍ॅडव्हान्स्ड' हा वेगळा खेळ आहे, असे मानून त्याच्या ग्रंथांवर आर्नेसनला मानधन देण्यात आले नाही. १९७९ मध्ये तो न्यायालयात गेला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. या वादात गायगॅक्सला खलनायक ठरवण्याची प्रथा काही खेळाडूंत आहे. तशीच आर्नेसनने काही लिहिलेच नाही असे म्हणण्याचीही आहे. दोन्ही मते एकांगी वाटतात. आर्नेसनची टिपणे १९७७ मध्ये 'द फर्स्ट फँटसी कँपेन' या नावाने एका वेगळ्या प्रकाशनाने छापली. ती वाचली असता त्यांवरून तिऱ्हाईताने खेळ उभा करणे किती अवघड होते हे कळते. उलट गायगॅक्सच्या मसुद्यातून ब्लॅकमूर वगळले तर उरते ते बव्हंशी 'चेनमेल'. मुखाने चालणारी विद्या आणि तिची लिखित संहिता यांत कर्तृत्वाची वाटणी कशी करावी, हा प्रश्न कायद्यापुरता तडजोडीने मिटला, इतिहासापुरता नाही.

विद्यापीठाच्या परिसरात

या खेळाचा विद्यापीठांशी आलेला संबंध केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नव्हता. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक असलेले एम. ए. आर. बार्कर हे उर्दू आणि बलुची या भाषांचे जाणकार होते. त्यांची उर्दूची पाठ्यपुस्तके अनेक अभ्यासकांनी वापरली. त्यांनी बालपणापासून 'टेकुमेल' नावाचे एक जग, त्याच्या भाषा, लिप्या आणि देवतांसह रचले होते. युरोपीय मध्ययुगाची छाया त्यावर नव्हती. दक्षिण आशिया आणि मध्य अमेरिका यांच्या प्राचीन संस्कृतींचे संस्कार होते. १९७५ मध्ये टीएसआरने त्यावर आधारित 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ प्रसिद्ध केला. बार्कर यांनी टोपणनावाने एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये उघड झाले. त्यामुळे त्यांच्या कार्याचे पुनर्मूल्यमापन अटळ झाले आहे.

याच शहरात समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी खेळाडूंच्या गटांत बसून क्षेत्रीय अभ्यास केला. 'शेअर्ड फँटसी' हा त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेला मनुष्य एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो, असे त्यांनी दाखवले : तो एक व्यक्ती असतो, नियम जाणणारा खेळाडू असतो आणि कल्पित जगातील पात्र असतो. 'मला तहान लागली आहे' हे वाक्य कोणत्या पातळीवरचे हे क्षणात ओळखावे लागते, आणि मंडळी ते सहज ओळखतात. पंचाची सत्ता कागदोपत्री निरंकुश असली तरी प्रत्यक्षात ती गटाच्या संमतीवर उभी असते. अन्यायी पंचाच्या घरी पुढच्या वेळी कोणी येत नाही! खेळाडूंत स्त्रियांचे प्रमाण अत्यल्प होते आणि गटांतील संभाषण त्यांना परके वाटावे असे असे, हेही फाइन यांनी निःसंकोचपणे नोंदवले.

संशयाचे दशक

ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. कुटुंबाने नेमलेल्या खासगी गुप्तहेराने तो हा खेळ खेळत विद्यापीठाखालील वाफेच्या भुयारांत हरवला असावा, असा तर्क वृत्तपत्रांसमोर मांडला. मुलगा महिनाभराने जिवंत सापडला. त्याच्या जाण्यामागे तीव्र नैराश्य होते. खेळाचा संबंध नव्हता. १९८० मध्ये त्याने आत्महत्या केली. तर्क मात्र जिवंत राहिला. १९८१ मध्ये रोना जॅफी यांची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी आणि पुढील वर्षी तिच्यावरील दूरचित्रपट आला. १९८३ मध्ये, मुलाच्या आत्महत्येने खचलेल्या एका मातेने या खेळाविरुद्ध संघटना उभारली. खेळ सैतानपूजा शिकवतो, असा प्रचार अनेक धार्मिक गटांनी केला. खेळ आणि आत्महत्या यांत कार्यकारणसंबंध कधीही सिद्ध झाला नाही. तरीही १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून टीएसआरने दैत्य व सैतान यांची रूढ नावे गाळली.

या मोहिमेतील दुःख खरे होते आणि निदान चुकीचे, हे दोन्ही एकाच वेळी सांगावे लागते. प्रौढांना अस्वस्थ करणारी मूळ गोष्ट बहुधा राक्षसांची चित्रे नव्हती. बंद खोलीत मुले तासन् तास काहीतरी रचतात, ज्याचा पट दिसत नाही, ज्याला शेवट नाही आणि ज्याची सूत्रे त्यांच्यातल्याच एका मुलाच्या हाती आहेत, ही ती गोष्ट होती.

या अनुमानाला एका न्यायनिर्णयाने अनपेक्षित दुजोरा मिळतो. गायगॅक्सच्याच विस्कॉन्सिन राज्यातील वॉपन तुरुंगात जन्मठेपेच्या एका कैद्याने स्वतः लिहिलेले ९६ पानी हस्तलिखित आणि त्याची खेळाची पुस्तके २००४ मध्ये जप्त करण्यात आली आणि खेळावर बंदी घालण्यात आली. त्याने दावा लावला. तुरुंगाधिकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की, या खेळात एक जण इतरांना सूचना देतो, ही रचना गुन्हेगारी टोळीसारखी आहे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने बंदी वैध ठरवली. पंच आणि खेळाडू यांच्यातील नाते बाहेरून पाहणाऱ्याला आज्ञा व आज्ञापालन असेच दिसते, हे या निर्णयातून स्पष्ट होते. फाइन यांनी आतून पाहिले होते, त्यांना संमती दिसली होती.

मालकीचा प्रश्न

कंपनीचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८५ मध्ये गायगॅक्सचे टीएसआरवरील नियंत्रण गेले. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली ही संस्था विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सच हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाच्या मालकीची झाली.

अधिक महत्त्वाची घटना २००० मधील आहे. अमेरिकी कायद्यानुसार खेळाची पद्धत ही कोणाची साहित्यिक मालमत्ता होत नाही. ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर हक्क असतो. तिसऱ्या आवृत्तीबरोबर विझार्ड्सने एक खुला परवाना जाहीर केला. नियमांचा मूळ गाभा कोणीही वापरावा, त्यावर आपली पुस्तके रचून विकावीत, एवढेच अटींसह त्यात म्हटले होते. अनेक लहान प्रकाशक त्यावर उभे राहिले. २००९ मध्ये आलेला 'पाथफाइंडर' हा प्रतिस्पर्धी खेळ याच परवान्यावर आधारलेला होता.

२०१४ ची पाचवी आवृत्ती, आंतरजालावर प्रेक्षकांसमोर खेळले जाणारे डाव आणि नंतर महामारीच्या काळातील दूरस्थ बैठका यांमुळे खेळाडूंची संख्या झपाट्याने वाढली. तशी मालकालाही खुल्या परवान्याची चिंता वाटू लागली. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द ठरवण्याची आणि साडेसात लाख डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या प्रकाशकांकडून त्यावरील उत्पन्नाचा पाव हिस्सा घेण्याची तरतूद त्यात होती. खेळाडू आणि प्रकाशक यांनी इतका तीव्र विरोध केला की कंपनीला मत मागवावे लागले. पंधरा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरे पाठवली. २७ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिलाच, शिवाय पाचव्या आवृत्तीचा सुमारे चारशे पानांचा मूळ नियमसंच 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या मुक्त परवान्याखाली देऊन टाकण्यात आला, आणि असे दिलेले परत घेता येत नाही.

गायगॅक्स २००८ मध्ये आणि आर्नेसन २००९ मध्ये वारले होते. २०२४ मध्ये, खेळाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, मूळ पुस्तिकांच्या मागचा जुना मसुदा प्रथमच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दोघांच्या वाट्याची चर्चा त्यामुळे आता कागदपत्रांच्या आधाराने करता येते. वेसलीच्या १९६९ च्या त्या डावाची मात्र अशी संहिता नाही, असणेही शक्य नव्हते. आणि मुक्त झालेल्या नियमसंचात, कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेव्हा फासे टाकावेत असे जेथे सांगितले आहे, तेथे ते टाकायला केव्हा सांगायचे हे ठरवण्याचे काम आजही पंचाकडेच सोपवलेले आहे.